सॉल्ट लेकचं मंदिर: बाहेरचा दगड, आतल्या भिंती

यूटाकर (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या यूटाच्या सॉल्ट लेक सिटीत पत्ता सांगायची रीत वेगळीच आहे. ‘४०० साउथ’ म्हणजे मंदिराच्या चौकापासून दक्षिणेला चौथा रस्ता, ‘७०० ईस्ट’ म्हणजे पूर्वेला सातवा. सगळ्या शहराची मोजणी टेंपल स्क्वेअरच्या आग्नेय कोपऱ्यातल्या एका खुणेपासून सुरू होते. ज्या मॉर्मन मंदिरामुळे तो कोपरा शून्य ठरला, ते डिसेंबर २०१९ च्या अखेरीस दुरुस्तीसाठी बंद झालं. इथल्या मराठी मंडळींमध्ये त्यावरून बऱ्याच गप्पा होतात, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढू.

मॉर्मन (अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ) म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात: अनेक बायका, आणि छातीवर काळी नावपट्टी लावून जोडीने फिरणारी पांढऱ्या शर्टातली पोरं. पहिली प्रथा मुख्य चर्चने १८९० मध्ये अधिकृतपणे सोडली. त्या सालाचा या इमारतीशी संबंध आहे, पुढे येईलच.

पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ. ओहायोत कर्टलंडला १८३६ मध्ये त्यांचं पहिलं मंदिर झालं, तेही सोडावं लागलं. इलिनॉयमध्ये नॉवूला दुसरं बांधायला घेतलं. ते पुरं व्हायच्या आत १८४४ मध्ये कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ स्मिथची हत्या केली. मागे राहिलेल्यांनी मंदिर कसंबसं पूर्ण केलं आणि १८४६ मध्ये गाव सोडलं. रिकाम्या मंदिराला १८४८ मध्ये आग लावली गेली, उरलेल्या भिंती १८५० च्या वादळात पडल्या. हा इतिहास डोक्यात ठेवला तर सॉल्ट लेकच्या भिंती तळाशी नऊ फूट आणि वर सहा फूट जाड का आहेत, हे वेगळं सांगावं लागत नाही.

जोसेफ स्मिथनंतरचा नेता ब्रिगम यंग २४ जुलै १८४७ ला या खोऱ्यात पोचला आणि चारच दिवसांनी हातातली काठी टेकवून त्याने मंदिराची जागा दाखवली. डोक्यावर धड छप्पर नसलेल्या माणसांनी सगळ्यात आधी मंदिराची जागा मुक्रर केली! फेब्रुवारी १८५३ मध्ये कुदळ पडली, ६ एप्रिल १८५३ ला कोनशिला बसल्या. ६ एप्रिल हा चर्चच्या स्थापनेचा दिवस. अर्पणसोहळाही त्याच तारखेला झाला, पण १८९३ साली. बरोब्बर चाळीस वर्षांनी.

इतकी वर्षं का लागली, तर ‘दगड कठीण होता’ हे उत्तर अर्धंच आहे. १८५७ मध्ये यूटाचं बंड मोडायचं म्हणून राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांनी फौज धाडली. मॉर्मनांनी शहर रिकामं केलं, तयार झालेला पाया मातीने बुजवला आणि वरची जमीन नांगरलेल्या शेतासारखी करून ठेवली. १८५८ च्या उन्हाळ्यात फौज शहरातून निमूट निघून गेली. पाया पुन्हा उघडला तेव्हा त्यात दोष आढळले आणि तो सुधारून घ्यावा लागला. १८६९ मध्ये अमेरिकेच्या दोन टोकांना जोडणारी रेल्वे यूटातच प्रोमोन्टरीला मिळाली. त्या कामावर माणसं गेली, इकडे काम रखडलं. मात्र त्याच रेल्वेचा फाटा १८७३ पर्यंत दगडखाणीच्या दिशेला गेला आणि बैलांनी तीन-चार दिवस ओढायचा दगड काही तासांत यायला लागला.

मजूर कोण? दहा दिवसांतला एक दिवस देवाच्या कामाला, हा नियम. पैशाने दशांश देता येत नसेल त्याने अंगमेहनतीने द्यायचा.

वास्तुरचनाकार ट्रूमन एंजेल हा मूळचा सुतार, आणि ब्रिगम यंगचा मेहुणा. १८५६ मध्ये ब्रिगमने त्याला इमारती बघायला युरोपात पाठवलं. या मंदिरात गॉथिक टोकेरी मनोरे आहेत, नॉर्मन किल्ल्यांसारखे कंगोरे आहेत, आणि तरी नुसतं चर्च म्हणावं असंही ते दिसत नाही. सहा मनोरे: पूर्वेकडचे तीन उंच, पश्चिमेकडचे तीन त्यांच्यापेक्षा ठेंगणे. त्यांच्या धर्माधिकाराच्या दोन पायऱ्या आहेत, मेल्किझेदेक वरची आणि ॲरन खालची, त्या अशा दगडात मांडल्या आहेत. पूर्वेचा मधला मनोरा २१० फूट.

एंजेल १८८७ मध्ये वारला. काम ब्रिगमचा मुलगा जोसेफ डॉन कार्लोस यंग याच्याकडे गेलं. त्याच वर्षी बहुपत्नीत्वाविरुद्ध संसदेने कडक कायदा केला आणि चर्चची मालमत्ता जप्त झाली. स्वतःच बांधत असलेल्या मंदिराची जागा चर्चला सरकारकडून महिना एक डॉलर भाड्याने घ्यावी लागली. १८९० मध्ये अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी बहुपत्नीत्व थांबवल्याचं जाहीर केलं. मंदिरं हातची जातील ही धास्ती त्यामागच्या कारणांपैकी एक होती.

६ एप्रिल १८९२ ला वुड्रफ यांनी विजेचं बटण दाबलं आणि शेवटचा दगड जागेवर बसला. गर्दी चाळीस हजारांच्या पुढे, आणि शहराची लोकसंख्या तेव्हा ४५ हजारांच्या आत! त्याच गर्दीसमोर ठराव झाला की आतलं सगळं काम एका वर्षात पुरं करायचं. बाहेरच्या दगडाला एकोणचाळीस वर्षं, आतल्या लाकूडकामाला, रंगकामाला, दिव्यांना एक.

माझा मुद्दा इथे सुरू होतो. या इमारतीचा बाहेरचा भाग चर्चने जिवापाड जपला. आतला भाग मात्र आधी कागदावर बदलला आणि आता प्रत्यक्षात. एंजेलच्या मूळ आराखड्यात कर्टलंडसारखी एकावर एक दोन मोठी सभागृहं होती. तरुण यंगने त्यातलं फक्त वरचं ठेवलं आणि खाली विधीसाठी खोल्यांची साखळी केली. आत्ताच्या दुरुस्तीत ती साखळीही गेली. यावर तुम्हाला काय वाटतं?

---

गारगोटी

उत्तम धागा. दगडाबद्दल थोडी भर. सगळे ग्रॅनाइट म्हणतात, भूशास्त्राच्या हिशेबात तो क्वार्ट्झ मॉन्झोनाइट. शहराच्या आग्नेयेला वीसेक मैलांवर लिटल कॉटनवुड नावाची खोल घळ आहे, तिथला. डोंगर फोडून काढलेला नाही, घळीच्या तळाशी आधीच निखळून पडलेल्या प्रचंड शिळा हाताने भोकं पाडून, पाचरी ठोकून फोडल्या. ताजा फोडलेला पृष्ठभाग पांढरट करडा, त्यात काळे ठिपके.

पहिला पाया मात्र लालसर वालुकाश्माचा होता, जवळच्या रेड ब्यूटचा. आणि त्याआधी ब्रिगम यंग मातीच्या कच्च्या विटांचं मंदिर बांधा म्हणत होता, अशी विट काळाबरोबर घट्ट होत जाते असा त्याचा दावा. सुदैवाने तो विचार मागे पडला.

एक फसलेला बेतही सांगतो. दगड तराफ्यांवरून आणायचे म्हणून १८५० च्या दशकात कालवा खणला. जमीनच अशी की पाणी मुरून जायचं. शेवटी बैलच.

---

नक्षत्रवेडी

वाचनखूण साठवली आहे!

बाहेरच्या भिंतींवर कोरलेलं आभाळ कोणीच कसं काढलं नाही? भिंतीला उभे आधारखांब आहेत. त्यांच्यावर पायाशी पृथ्वीचे गोल, मध्ये चंद्र, वर सूर्य. चंद्र सगळे एकसारखे नाहीत: कोर, अर्धा, पूर्ण अशा कला क्रमाने कोरल्या आहेत, भिंतीभोवती चालत फिरलं की चंद्र वाढताना आणि घटताना दिसतो. आणखी वर शनीचे दगड बसवायचे होते, कड्यांसकट, आराखड्यात आहेत, प्रत्यक्षात गाळले. मला त्याची खरंच हळहळ वाटते.

माझं सगळ्यात आवडतं म्हणजे पश्चिमेच्या मधल्या मनोऱ्यावरचे सप्तर्षी. त्यातले दोन तारे ध्रुवाकडे बोट दाखवतात, तशीच मांडणी. एंजेलने स्वतः लिहून ठेवलंय की हरवलेल्या माणसाला धर्माधिकाराच्या आधाराने वाट सापडावी, म्हणून ते आहेत. वाळवंट तुडवत आलेल्या लोकांना ध्रुवाचं मोल वेगळं सांगायला नको.

याशिवाय ढग, त्यातून उतरणारे किरण, हातात हात, सर्वसाक्षी डोळा. दाराच्या मुठींवर मधमाश्यांचं पोळं, जे पुढे यूटा राज्याचंच चिन्ह झालं.

---

शंकेखोर

सगळं छान, पण एक कळत नाही. बाहेर इतकं उघडं पुस्तक आणि आत परक्याला बंदी? आपल्याकडच्या मंदिरप्रवेशाच्या भांडणांवर बोलणारे लोक इथे गप्प कसे?

---

यूटाकर

@शंकेखोर, भेद जातीचा किंवा जन्माचा नाही. चर्चच्या सदस्यांनाही सरसकट प्रवेश नसतो. स्थानिक प्रमुखाची मुलाखत द्यावी लागते: दशांश देता का, दारू-तंबाखू-चहा-कॉफीपासून लांब आहात का, वगैरे. मग एक शिफारसपत्र मिळतं, ते दारात दाखवायचं. रविवारची प्रार्थना या मंदिरात होतच नाही. ती गल्लोगल्लीच्या साध्या सभागृहांत होते, तिथे कोणीही जाऊन बसावं.

मंदिरात तीन मोठे विधी: मृत पूर्वजांच्या वतीने बाप्तिस्मा (बारा बैलांच्या पाठीवर ठेवलेल्या कुंडात), दीक्षेसारखा एक लांब विधी, आणि पती-पत्नीला मरणापलीकडेही बांधणारा विवाहविधी.

गुप्ततेवरून एक भन्नाट प्रकरण घडलंय. १९११ च्या उन्हाळ्यात मंदिर साफसफाईसाठी बंद होतं. गिस्बर्ट बोसार्ड नावाचा चर्चवर रुसलेला जर्मन तरुण, ओळखीच्या माळ्याच्या मदतीने आत शिरला आणि त्याने फोटो काढले. मग त्याचा साथीदार मॅक्स फ्लोरेन्स याने चर्चला पत्र धाडलं: एक लाख डॉलर द्या, नाहीतर फोटो जगाला दाखवू. अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ यांनी दमडी दिली नाही. उलट जेम्स टालमेज या विद्वानाकडून मंदिरावर पुस्तक लिहून घेतलं आणि १९१२ मध्ये स्वतःच काढलेल्या स्वच्छ, देखण्या फोटोंसह छापलं. चोरट्यांच्या अंधुक फोटोंना बाजारच उरला नाही. न्यूयॉर्कला त्यांनी खेळ लावून पाहिला, तोही पडला.

---

शंकेखोर

हे आवडलं. खंडणीखोराचा मालच फुकट वाटून टाकला.

---

सासुरवाशीण_लीहाय

लग्नाचं मी सांगते. माझी ऑफिसातली मैत्रीण मॉर्मन, तिचे आईवडील मात्र मॉर्मन नाहीत. लेकीचं लग्न मंदिरात, आणि आईबाप बाहेर बागेत बाकावर बसलेले. फोटोत सगळे हसतात, पण मला तर गलबलून आलं. तेव्हा अमेरिकेत असा नियम होता की आधी बाहेर सगळ्यांसमोर लग्न केलंत, तर मंदिरातल्या विधीसाठी वर्षभर थांबायचं. मे २०१९ मध्ये चर्चने ती अट काढली. आता सकाळी सगळ्यांच्या देखत लग्न आणि लगेच मंदिरात विधी, असं करता येतं. उशिरा का होईना, पण बरं केलं.

---

रंगपेटी

मूळ प्रश्नाकडे येते. आतल्या भिंतींवरची चित्रं काढून टाकली याचं मला फार वाईट वाटलं, आणि कारण नुसतं ‘जुनं ते सोनं’ हे नाही.

१८९० मध्ये चर्चने काही तरुण चित्रकारांना पॅरिसला पाठवलं, अकादमी ज्युलियांमध्ये. जॉन हॅफन, लोरस प्रॅट, जॉन फेअरबँक्स, मागून एडविन इव्हान्स आणि हरमन हाग. पोरं धर्मप्रचाराला पाठवायची चर्चची पद्धत, त्याच पद्धतीने यांना चित्रकला शिकायला पाठवलं, खर्च चर्चचा. अट एक: परत येऊन मंदिराच्या भिंती रंगवायच्या. विचार करा, सरकारने मालमत्तेवर टाच आणलेली आहे आणि ही संस्था निसर्गचित्रं शिकायला पाच जणांना पॅरिसला पोसते आहे!

ते परत आले आणि त्यांनी बायबलमधली एदनची बाग रंगवली, मग बागेतून हाकललेल्यांचं खडबडीत जग रंगवलं. बागेच्या खोलीत सगळं हिरवं, शांत. जगाच्या खोलीत मोडलेली झाडं, भांडणारी जनावरं, यूटासारखे रखरखीत डोंगर. त्यातून पायऱ्या चढत वर जायचं, प्रत्येक खोली आधीच्यापेक्षा उजळ, शेवटी स्वर्गाची प्रशस्त खोली. माणूस चालत चालत कथेतून जायचा.

मार्च २०२१ मध्ये चर्चने जाहीर केलं की चित्रं परत बसवणार नाही. जुनं प्लास्टर, भूकंपाचं मजबुतीकरण, फोटो काढून ठेवलेत, वगैरे कारणं दिली. यूटातल्याच मँटी गावच्या मंदिरातल्या, मिनर्व्हा टायकर्ट या चित्रकर्तीच्या चित्रांवरही तीच पाळी होती. लोकांनी आवाज उठवला आणि दोन महिन्यांत तो निर्णय फिरला, ती चित्रं वाचली. सॉल्ट लेकची गेली.

---

ओसरीवर

रंगपेटीताई, भावना समजते. पण चालतं मंदिर आहे, वस्तुसंग्रहालय नाही. दरवर्षी हजारो माणसं विधीला येतात, त्यांना जागा हवी, लिफ्ट हवी, वेगवेगळ्या भाषांतली सोय हवी. ज्यांची वास्तू त्यांनी ठरवावं. आपण बाहेरच्यांनी, ज्यांना आत पाऊलही टाकता येत नाही, त्यांनी कशाला हळहळायचं?

---

यूटाकर

@ओसरीवर, ‘ज्यांची वास्तू’ हेच म्हणतो मी, कारण सगळ्यात जास्त हळहळ आतल्यांनीच केली. पणजोबांनी रंगवलेली भिंत गेली म्हणणारी कुटुंबं इथे आहेत.

तरी मला वाटतं चित्रांचा निकाल २०२१ मध्ये लागला नाही, १९५५ मध्ये लागला. तो दीक्षेसारखा विधी म्हणजे एक प्रकारचं नाटक होतं. माणसं प्रत्यक्ष आदाम, हव्वा वगैरे भूमिका करायची आणि भाविक त्यांच्याबरोबर खोलीतून खोलीत जायचे. रंगवलेल्या भिंती हे त्या नाटकाचं नेपथ्य. १९५५ मध्ये स्वित्झर्लंडला बर्नजवळ मंदिर झालं, तिथे एकच खोली आणि अनेक युरोपीय भाषा. म्हणून विधी फिल्मवर घेतला. मग नवीन मंदिरं फिल्मसाठीच बांधली गेली. माणसांनी सादर करायची रीत शेवटी फक्त सॉल्ट लेक आणि मँटीत उरली, आणि दुरुस्तीच्या निमित्ताने तीही थांबली. नट गेले, चालणं गेलं, मग नेपथ्याला काम उरलं नाही.

चर्चच्या लेखी पवित्र तो विधी, खोली नव्हे. या हिशेबाने त्यांचं वागणं सुसंगत आहे. पण मग बाहेरचा दगड जसाच्या तसा राहावा म्हणून एवढा खटाटोप का, याचं उत्तर त्या हिशेबात बसत नाही. बाहेरचं मंदिर शहराचं झालंय, म्हणून ते हलवायची त्यांची छाती होत नाही, असं माझं मत. मँटी वाचलं तेही तसंच: तिथे लोकांनी चित्रं आपली मानून आवाज केला.

---

स्ट्रक्चरवाला

खटाटोपाबद्दल लिहितो, कारण स्थापत्य अभियंता म्हणून मला यातलं तेच सगळ्यात भारी वाटतं.

शहराच्या पूर्वेला वॅसॅच नावाचा मोठा भ्रंश (जमिनीतली भेग) आहे. काम सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते तर १८ मार्च २०२० ला मॅग्नाजवळ ५.७ रिश्टरचा धक्का बसला आणि मनोऱ्यावरच्या मोरोनी देवदूताच्या हातातली तुतारी खाली पडली. (हा पुतळा सायरस डॅलिनचा, साडेबारा फूट, ठोकलेल्या तांब्यावर सोन्याचा वर्ख. डॅलिन मॉर्मन नव्हता, देवदूतांवर आपला विश्वास नाही म्हणून आधी नकार देत होता, आईने समजावलं. बॉस्टनमधला पॉल रिव्हिअरचा घोडेस्वार पुतळा त्याचाच.)

आता उपाय. दगडी इमारत वजनदार आणि ठिसूळ, ताण सहन करत नाही. तेव्हा जमीन हलली तरी इमारतीला ते कळू नये अशी व्यवस्था करायची. जुना पाया तसाच ठेवून त्याच्या खालून आडवे पोलादी पाइप ढकलले, एकाशेजारी एक, आत सळया घालून काँक्रीट भरलं. जुना पाया नव्या तुळयांमध्ये आवळून धरला आणि सगळा भार ९८ आयसोलेटरवर टेकवला. भूकंपात खालची जमीन सरकेल, वरचं मंदिर त्या सरकत्या बैठकीवर जवळजवळ जागच्या जागी राहील. भोवती मोकळी फट ठेवावी लागते, नाहीतर इमारत शेजारच्या जमिनीवर आदळेल. शिवाय भिंती आणि मनोऱ्यांतून वरून खालपर्यंत भोकं पाडून पोलादी केबल ताणून बसवल्या.

खोदताना कळलं की जुन्या पायात मोठ्या दगडांच्या मधल्या पोकळ्या खडीने भरल्या होत्या, काही ठिकाणी चुना पोचलाच नव्हता. त्या सगळ्यात ग्राउट (सिमेंटचा पातळ गारा) भरावा लागला. काम लांबण्याचं ते एक कारण. १८६० च्या आसपास पाया सुधारला म्हणून वर लिहिलंय, पण सुधारणाऱ्यांनीही काम उरकलंच होतं म्हणायचं!

---

कॅम्पातला

अवांतर, पण पुणेकरांसाठी महत्त्वाचं. कोनशिला बसली ते १८५३ साल, आणि त्याच सुमारास पुण्यात मॉर्मन प्रचारक काम करत होता. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश गृहस्थ १८५२ मध्ये मुंबईत उतरला, नंतर पुण्याला आला. छावणीतल्या सैनिकांना उपदेश करायला लष्करी अधिकाऱ्यांनी मज्जाव केला. तरी एक छोटी शाखा उभी राहिली, बहुतेक युरोपियनच. त्यात ऑगस्ट १८५२ मध्ये सॉल्ट लेकला चर्चने बहुपत्नीत्व जाहीरपणे मान्य केलं, ती बातमी इथवर आली आणि आधीच दुबळा प्रचार आणखी खचला. १८५५ पर्यंत फिंडले परतला.

त्याला मुंबईला पाठवणारा लोरेन्झो स्नो, तेव्हा तो युरोपातलं काम पाहत होता. हाच स्नो १८९३ मध्ये सॉल्ट लेक मंदिराचा पहिला प्रमुख झाला, आणि पुढे चर्चचा अध्यक्ष.

भारतातलं पहिलं मंदिर मात्र मुंबई-पुण्यात नाही, बेंगळुरूत. २०१८ मध्ये घोषणा, डिसेंबर २०२० मध्ये भूमिपूजन.

---

नक्षत्रवेडी

@कॅम्पातला, यावर स्वतंत्र धागा काढा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

@यूटाकर, आम्हाला आत बघता येईल का कधी?

---

यूटाकर

येईल. नवं किंवा दुरुस्त केलेलं मंदिर अर्पण होण्याआधी काही काळ सगळ्यांना खुलं ठेवतात. १८९३ मध्ये अर्पणाच्या आदल्या दिवशी, ५ एप्रिलला, शहरातल्या इतर धर्मीय प्रतिष्ठितांना आत फिरवलं होतं. त्यानंतर बाहेरच्यांना दार उघडणार आहे ते २०२७ मध्ये, एप्रिल ते ऑक्टोबर. बाहेरून येणारे असाल तर शक्यतो सप्टेंबर धरा, जुलैत इथे कडक ऊन असतं, आणि २४ जुलैला पायोनियर डेची मिरवणूक असल्याने गाडी लावायला जागा मिळत नाही. बूट काढावे लागत नाहीत, वरून पातळ पिशवीसारखं आवरण घालायला देतात.

रंगपेटीताई, तुम्ही याल तेव्हा आधी स्प्रिंगव्हिलच्या कलासंग्रहालयात नेईन. हॅफन आणि डॅलिन दोघांचंही काम तिथे आहे, आणि फोटो काढायला कोणी अडवत नाही.